नाव नसलेलं माप

शालन लेडीज टेलर्समध्ये डाळिंबी रंगाचा एक कुर्ता सहा महिने खुंटीवर लटकत होता आणि तो न्यायला कुणीच येत नव्हतं. मिरजेतल्या एका बोळातलं हे दुकान तसं मागल्या जमान्यातलं. आता गावात जागोजागी आरशाची दुकानं निघाली होती. आरशापुढे उभं राहून हात पसरायचे, आरसा माप घेणार, मागच्या खोलीतलं यंत्र कापणार आणि तासाभरात कपडा हातात. तरी चाळिशीपुढच्या बायका शालनताईंकडेच यायच्या, कारण आरसा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतो आणि शालनताई नुसतं 'जरा सैल ठेवते' म्हणायच्या.

दुकान सासू-सुनेचं. सासू कापायची, सून शिवायची. वाट बघून कंटाळल्या की शालनताई खुंटीवरच्या कुर्त्याकडे बघत त्या न आलेल्या गिऱ्हाइकाचा यथेच्छ उद्धार करत. एवढं चांगलं कापड, एवढी मेहनत, आणि बाईसाहेबांना सवड नाही. अनुजा मान खाली घालून मशीन चालवत राही. कुर्ता कुणाचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो तिचा स्वतःचाच होता आणि ते कबूल करायची तिची छाती होत नव्हती.

त्याचं झालं असं.

अनुजा अडतीस वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी तिला जुळ्या मुली झाल्या, ओवी आणि ऊर्मी, दोघी मिळून साडेपाच किलोच्या. मुली बाहेर आल्या, पोट मात्र जागेवर परतलं नाही. पुढे लोंबायचं ते लोंबायचंच. उन्हाळ्यात घडीखाली पुरळ उठायचं, तासभर मशीनवर बसलं की पाठीत कळ यायची, आणि नवीन गिऱ्हाईक आलं की हमखास विचारायचं, कितवा महिना? अनुजा हसून म्हणायची, नऊ वर्षं झाली. आठवड्याला पन्नास बायकांच्या कमरेला ती टेप लावायची, पण स्वतःच्या कमरेला तिनं नऊ वर्षांत एकदाही लावली नव्हती.

पोटाचे स्नायू असे फाकणं हा आजारच आहे, असं सरकारनं अखेर मान्य केलं आणि त्याची शस्त्रक्रिया मोफत झाली. तेव्हा अनुजानं मनाचा हिय्या केला आणि ती डॉक्टर शबनम मुजावरांकडे गेली. डॉक्टरांनी तिला झोपवलं, मान उचलायला लावली आणि पोटाच्या मधोमध चार बोटं सहज आत घालून दाखवली. बेंबीच्या वरही तीन बोटं जात होती. मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली मिनी टक. बेंबीखाली वीतभर छेद, खालची सैल कातडी काढायची, बेंबीला हात लावायचा नाही, दोन आठवड्यांत बाई कामावर. दुसरी पूर्ण. कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद, बरगड्यांपर्यंतचे स्नायू शिवून जवळ आणायचे, कातडी खाली ओढून जास्तीची कापायची आणि बेंबी सोडवून नव्या जागी बसवायची. त्यानंतर सहा आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

तुमचा दोष वरपर्यंत आहे, मिनीनं अर्धंच काम होईल, असं डॉक्टर म्हणाल्या. कपडा वरून सैल असेल तर खालून दुमडून काही होत नाही, हे अनुजाला कुणी सांगायची गरज नव्हती. खोलीतल्या यंत्रानं तिच्या अंगाचं चित्र घेतलं आणि दोन कागद छापून दिले. तिची आत्ताची कंबर साडेपस्तीस. मिनीनंतर चौतीस. पूर्णनंतर साडेतीस. शेजारी छाती, सीट, बाहीचा मुंढा, खांदे, सगळी मापं होती.

त्या संध्याकाळी दुकानात एकटी असताना तिनं दुसरा कागद काढला, मापाची वही उघडली आणि एका कोऱ्या पानावर तारीख घालून ती सगळी मापं उतरवली. वरती नाव लिहायला पेन्सिल टेकवली आणि लाज वाटून उचलली. फळीवर तिचं डाळिंबी कापड होतं, मुली झाल्या त्या वर्षी हौसेनं घेतलेलं, बारीक झाल्यावर शिवू म्हणून ठेवलेलं. त्याची एक चिंधी कापून तिनं त्या पानाला टाचणीनं लावली. ही त्यांच्या दुकानाची पद्धत. कुणाचं कापड कुणाच्या मापात जाऊ नये म्हणून प्रत्येक मापाला त्याच्या कापडाची चिंधी टोचायची. हाताला सवय होती, हातानं टोचली. मग ती स्वतःशीच हसली आणि वही मिटून घरी गेली.

घरी रोजचं काम वाट बघत होतं. शालनताईंना पंधरा वर्षांची साखर. पायांतली जाणीव हळूहळू गेलेली. संक्रांतीच्या गर्दीत एकदा इस्त्री टेबलावरून घसरून त्यांच्या उजव्या पायावर टेकली आणि कापडाबरोबर काय जळतंय ते शालनताईंना वासावरून कळलं. पावलावरची ती तळहाताएवढी जखम काही भरेना. सकाळ-संध्याकाळ अनुजा ती धुवायची, मलम लावायची, पट्टी बांधायची. आत्यांना, म्हणजे सासूला, काखेत हात घालून उठवायची, न्हाणीत न्यायची, परत आणायची. शालनताई काही हलक्या बाई नव्हत्या. नवरा सौरभ बस डेपोत बॅटऱ्या बदलण्याच्या पाळीवर. तो मनानं चांगला, पण जखम बघितली की भिंतीला टेकायचा.

पट्टी बांधता बांधता अनुजानं मनात सहा आठवडे मोजले. सहा आठवडे हे कोण करणार? दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं अर्जावर 'मिनी' अशी खूण केली. घरी सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या, छोटीच पुरे. अर्जात खाली आणखी एक चौकट होती, काढलेली त्वचा त्वचापेढीला द्यायची का? फेकण्यापेक्षा बरी, म्हणून तिनं हो म्हटलं. तिथल्या मुलीनं पोटावरून मसुरीएवढा तुकडा तपासायला घेतला आणि सहा-सात महिन्यांनंतरचा नंबर दिला.

आठवड्याभरात शिमग्याची शिवणं आली. शालनताई पाय स्टुलावर ठेवून कापायला बसल्या, वही चाळली, त्यांना एक माप दिसलं, चिंधी दिसली, फळीवर कापड दिसलं. अनुजा मुलींना शाळेतून घेऊन येईपर्यंत कुर्ता कापून तयार होता.

"नाव लिहायला विसरलीस की गं," शालनताई म्हणाल्या. "शिवून टाक. डाव्या खांद्याला अर्धा इंच खाली घेतलंय बघ. तुझ्यासारखाच खांदा हाय बाईचा."

त्या वेळी खरं बोलून मोकळं व्हायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मला मोठी शस्त्रक्रिया हवी होती आणि तुमच्या पायामुळे मी छोटी घेतली, हे त्या पट्टी बांधलेल्या पायापुढे कसं म्हणायचं? म्हणून अनुजानं कुर्ता शिवला, इस्त्री केली आणि पश्चिमेच्या खिडकीजवळच्या खुंटीला अडकवला.

गणपती गेले आणि शालनताईंच्या पायाचं बोलणं निघालं. जखम खाली हाडापर्यंत उतरायला लागली होती. दिवाळीपर्यंत भरली नाही तर गुडघ्याखालून काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सौरभला बाजूला घेऊन सांगितलं आणि शालनताईंचा नमुना जुळणीसाठी त्वचापेढीला पाठवला. त्यानंतर चारच दिवसांनी त्वचापेढीतून अनुजाला फोन आला. तुमच्या त्वचेचं एका रुग्णाशी जुळतंय आणि त्या रुग्णाचं आडनाव तुमचंच आहे, असं पलीकडची बाई म्हणाली.

हे जुळणं काय असतं ते डॉक्टर मुजावरांनी दोघा नवरा-बायकोला बसवून समजावलं. बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि जन्मानंतरही वर्षानुवर्षं तिच्या अंगात मुक्कामाला राहतात. हे जुनंच ज्ञान. नवीन शोध असा, की पोटाची जी कातडी गरोदरपणात सगळ्यात जास्त ताणली जाते, बेंबीभोवतीची आणि तिच्या वरची, तिथं या पेशी दाटीनं असतात. त्या ताणामुळे आईच्या कातडीतल्या वाढणाऱ्या पेशीही जाग्या होतात आणि वाढायचं कसं ते पुढे विसरत नाहीत. अशा कातडीतून प्रयोगशाळेत नवी कातडी वाढवता येते आणि ती साखरेनं हरलेल्या जखमेवरही धरते.

परकी कातडी शरीर टाकून देतं, हे सौरभलाही माहीत होतं. डॉक्टर म्हणाल्या, बरोबर, म्हणून तर तुमच्या मुली महत्त्वाच्या. त्यांच्या त्या पेशींत थोडा वाटा आजीचा आहे, बापाकडून आलेला. आईच्या कातडीत राहून त्या आईच्या झाल्या आणि रक्तानं त्या आजीच्याही आहेत. आजीच्या शरीराला त्या सांगतात, ही बाई आपल्यातली आहे, हिला राहू दे. जगातल्या सासू-सुनांमध्ये जे काम नातवंडं वर्षानुवर्षं करत आली तेच या पेशी करतात, असं म्हणून डॉक्टर स्वतःच हसल्या. मुलींच्या अंगावरची कातडी चालत नाही, कारण त्या पेशी आता मोठ्या झाल्या आणि शिवाय लहान मुलांना हात लावायचा नाही असा नियम आहे.

अडचण एकच होती. या पेशी पाच-सहा वेळा वाढवल्या की थकतात, म्हणून सुरुवातीलाच कातडी भरपूर लागते. मिनीत बेंबीखालची पट्टी निघते, तीत त्या तुरळक. तेवढ्यात शालनताईंच्या जखमेचा एक कोपरा झाकला असता. पूर्ण शस्त्रक्रियेत निघणाऱ्या कातडीत सगळा पाय भागत होता.

"मग पूर्णच करू की," सौरभ घाईघाईनं म्हणाला.

पण तसं नुसतं म्हणून चालणार नव्हतं. हा शोध लागल्यावर पहिल्या दोन वर्षांत देशभर सुनांच्या पोटांवर घरच्यांचा डोळा गेला होता. नको असताना कितीतरी जणींना टेबलावर झोपवलं गेलं. म्हणून कायदा झाला. स्वतःसाठी जी कातडी काढायचं ठरलं तेवढीच पेढीत जाईल, आणि ते ठरणं जुळणी कळायच्या आधीचं असलं पाहिजे. नंतर कुणी लहानाची मोठी शस्त्रक्रिया मागितली तर संमती समिती तिला एकटीला बसवून विचारणार. लोक त्याला सूनबाई कलम म्हणत. कलम शहाणं होतं, आणि अनुजाच्या बाबतीत नेमकं उलटं बसत होतं.

घरी आल्यावर ती सौरभला म्हणाली, की मला आधीपासून पूर्णच हवी होती. त्यानं तिचा हात धरला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तू किती मोठ्या मनाची आहेस, असं तो म्हणाला. अनुजाला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. नणंदेचा पुण्याहून फोन आला, तीही तेच बोलली. सगळं घर तिच्या त्यागानं भारावून गेलं होतं, आणि त्याग तर तिनं फेब्रुवारीतच करून टाकला होता, तेव्हा कुणाला पत्ताही लागला नव्हता.

शालनताईंनी हे सगळं आतल्या खोलीतून ऐकलं. संध्याकाळी अनुजा पट्टी सोडायला बसली तेव्हा त्यांनी पाय मागे ओढून घेतला. माझ्या पायासाठी कुणाचं पोट फाडायचं नाही, मी समितीपुढं तसं लिहून देणार, असं त्यांनी सांगून टाकलं. अनुजानं समजावायचा प्रयत्न केला. शालनताई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला शिकवू नगंस. तुझं लगीन झाल्यापासून तू एक वस्तू सोताला म्हणून मागितलेली मी बघितली न्हाई. आणि आता म्हणं पोट मागतीया." ते खरंच होतं.

समिती रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर बसली. तिघं जण होते. अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश कुमुद आवटी, पांढरे केस बारीक कापलेल्या, शांत बाई. त्यांनी अनुजाला एकटीला आत घेतलं, पाणी दिलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"सासूबाई नसत्या, तर तुम्ही काय निवडलं असतं?"

"पूर्ण," अनुजा म्हणाली.

"मग फेब्रुवारीत लहान का निवडलीत?"

"सासूबाई होत्या म्हणून."

आवटीबाईंनी पेन खाली ठेवलं. अनुजानं सगळं सांगितलं. पट्टी, न्हाणी, सहा आठवडे, मुली. हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती. आवटीबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या हळू म्हणाल्या, की तुमच्यावर माझा अविश्वास नाही, पण या खुर्चीत बसून मी असं पाठ केलेलं फार ऐकलंय. त्यांतल्या दोघी नंतर माझ्या घरी येऊन रडल्या. तेव्हाचा काही पुरावा आहे का? कुणाला सांगितलं होतं? कुठं लिहिलं होतं?

अनुजाला वहीतलं पान आठवलं. त्यावर नाव नव्हतं. ते कुणाचंही असू शकलं असतं. आणि कुर्त्याचं सांगायचं म्हणजे आत्यांनी सहा महिने ज्या बाईला नावं ठेवली ती बाई मीच, हे बाहेर येणार. तिनं मान हलवली. नाही म्हणाली.

मग शालनताईंना चाकाच्या खुर्चीतून आत आणलं आणि शेवटच्या बोलण्यासाठी सगळ्यांना एकत्र बसवलं. त्यांनी आपलं लिहिलेलं पुढे केलं. सुनेला मोठ्या शस्त्रक्रियेची इच्छा होती असं कधी तिच्या बोलण्यात आलं का, या प्रश्नाला त्यांनी ठामपणे नाही म्हटलं. सौरभनं खाली बघितलं. दोन दिवसांत निर्णय कळवू असं म्हणून आवटीबाई फाईल मिटायला लागल्या, आणि नोंदीतून सुटायला नको म्हणून डॉक्टरांचा कागद वाचू लागल्या. दोन्ही अंदाज रुग्णाला दिलेले दिसतात, पण अंदाज म्हणजे इच्छा नव्हे. मिनीनंतर, कंबर चौतीस. पूर्णनंतर, छाती छत्तीस, कंबर साडेतीस.

"सीट चाळीस," शालनताई म्हणाल्या.

आवटीबाईंनी वर बघितलं.

"मुंढा सोळा. खांद्यापासनं कंबर पावणेपंधरा. डावा खांदा अर्धा इंच खाली." शालनताई कागदाकडे बघत नव्हत्या. त्या अनुजाकडे बघत होत्या. "हाय का तसंच?"

आवटीबाईंनी ओळीवर बोट ठेवून पाहिलं. तसंच होतं. त्यांनी विचारलं, हा कागद तुम्हाला कुणी दाखवला?

"कागद कशाला लागतोय? मी कापलाय त्यो कुर्ता. शिमग्याला. माझ्या दुकानात खुंटीला हाय."

सौरभ पळतच गेला आणि पाऊण तासात कुर्ता आणि मापाची वही घेऊन आला. वहीतल्या त्या पानावर फेब्रुवारीची तारीख होती. मागच्या पानावर शेजारच्या बाईंचं त्याच दिवशीचं माप आणि पुढच्या पानांवर शिमग्याची गिऱ्हाइकं. मधे काही घुसवायला जागा नव्हती. डाळिंबी चिंधीला टोचलेली टाचणी गंजून कागदावर तांबूस डाग पडला होता. कुर्ता आवटीबाईंनी टेबलावर पसरला. खिडकीकडची बाही सहा महिन्यांच्या उन्हानं विटून कांद्याच्या सालीच्या रंगाची झाली होती आणि दुसरी अजून डाळिंबीच होती. आवटीबाईंनी दोन्ही बाह्या शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या.

"सांगायचं की गं," शालनताई म्हणाल्या.

"पट्टी कुणी बांधली असती, आत्या?"

शालनताईंनी डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "बाई, हिनं ल्हान निवडलं ते माझ्यासाठी, आणि मोठं मागतीया ते सोताच्यासाठी. तुमच्या कागदावर उलटं लिहू नका."

आवटीबाईंनी तसंच लिहिलं. शालनताईंनी आपला नकाराचा कागद परत मागून घेतला आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

शस्त्रक्रिया चार तास चालली. अनुजा शुद्धीवर आली तेव्हा पोट दोन्ही बाजूंनी घट्ट बांधलेलं होतं आणि सरळ उभं राहता येत नव्हतं. आठवडाभर ती कमरेत वाकून चालली. घरातली कामं आपोआप दुसऱ्यांच्या अंगावर आली. सौरभनं पहिल्या दिवशी आईच्या पायाची पट्टी सोडली, भिंतीला टेकला, घाम पुसला आणि परत आला. तिसऱ्या दिवसापासून त्याला काही वाटेनासं झालं. हा हात आहे का फावडं, अशी शालनताईंची टीका चालू राही आणि तो मुकाट्यानं बांधत राही. आपल्यावाचून घर सहा आठवडे चालतं, हे बघून अनुजाला बरं वाटलं आणि थोडा रागही आला. हे फेब्रुवारीतच कुणी करून दाखवलं असतं तर?

तिकडे पेढीत कातडी उगवत होती. पाच आठवड्यांनी डॉक्टर मुजावर ती लावायच्या तयारीनं आल्या आणि त्यांनी शालनताईंना एक गोष्ट विचारली. पेशी अनुजाच्या, त्यामुळे नवी कातडी तिच्या रंगाची होणार. शालनताई गोऱ्या. पावलावर सावळा भाग ठळक दिसेल. लावण्याआधी रंग उजळून देता येतो, दोन दिवस जास्त लागतील.

खोलीत अनुजाही होती. तिला बारा वर्षांपूर्वीचा पाहण्याचा कार्यक्रम आठवला. चहाचे कप आत नेत असताना शालनताई बाहेर कुणाला तरी म्हणाल्या होत्या, मुलगी कामाची हाय, रंगानं जरा डावी. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कधी विसरलीही नव्हती.

"हाय त्योच रंग ऱ्हाऊ द्या," शालनताई म्हणाल्या.

ठिगळ लावल्यासारखं दिसेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

"दिसू दे की. आम्ही शिंपी माणसं." मग डॉक्टर बाहेर गेल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "तुला बघायला आलो तवा मी एक बोलले होते. तू आत होतीस. ऐकलंवतंस का?"

"ऐकलं होतं, आत्या."

"चुकलं माझं."

अनुजानं त्यांच्या पायावरची चादर सारखी केली आणि तिथंच बसून राहिली.

कातडी धरली. दिवाळी होऊन गेली, पाय जागेवर राहिला. मार्गशीर्षात एका दुपारी शालनताई काठी टेकत दुकानात आल्या आणि आधी त्या खुंटीपाशी गेल्या. कुर्ता काढून त्यांनी सुनेच्या हातात दिला.

अनुजानं पडद्याआड जाऊन तो घातला. खांदे चोख बसले. मुंढा बसला. कमरेत मात्र ताणला गेला, शिवणीवर चुण्या आल्या. शालनताईंनी गळ्यातली टेप काढून तिच्या कमरेला लावली. साडेएकतीस. यंत्राचा अंदाज एका इंचानं चुकला होता. अनुजानं जरा ओशाळून बाहीकडे बोट दाखवलं, ही तर विटलीच आहे, दुसरा शिवू.

शालनताईंनी ऐकलंच नाही. कुठलाही कपडा कापताना त्या आत दोन बोटं जास्त ठेवायच्या, बाईचं अंग आहे, कमी-जास्त होतंच, असं म्हणून. त्यांनी कुर्ता काढून घेतला, कडेची शिवण उसवली, आतलं दाबलेलं कापड बाहेर काढलं. ते नव्यासारखं डाळिंबी होतं. मग त्या आपल्या जुन्या पायमशीनवर बसल्या. संक्रांतीपासून त्या मशीनला त्यांचा पाय लागला नव्हता. अनुजा म्हणाली, द्या आत्या, मी करते, आणि शालनताईंनी तिला हातानंच मागे सारलं.

त्यांनी चप्पल काढून उजवा पाय पायडलवर ठेवला. गोऱ्या पावलावर तळहाताएवढा सावळा भाग, बोटांपासून घोट्यापर्यंत. पाय खाली-वर व्हायला लागला, सुरुवातीला अडखळत, मग लयीत. अनुजा तिथंच उभी राहून बघत राहिली. तिच्या अंगावरचा तो तुकडा तिच्याच कुर्त्याची शिवण घालत होता, आणि तिला रडू येत होतं आणि हसूही.

शिवण झाली. शालनताईंनी दातानं दोरा तोडला आणि कुर्ता तिच्याकडे टाकला. मग मापाची वही ओढून घेतली, गंजलेल्या टाचणीचं पान शोधलं, साडेतीसवर काट मारून साडेएकतीस लिहिलं. पानाच्या वरती जागा अजून कोरी होती. त्यांनी कानावरची पेन्सिल घेतली आणि सावकाश, एकेक अक्षर गिरवत, तिथं सुनेचं नाव लिहिलं.